संरक्षण आदेश : कायद्यातील तरतूद आणि अंमलबजावणीतील उणिवा

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ रोजी अंमलात आला. त्यापूर्वी सासरी छळ सोसणाऱ्या स्त्रीपुढे मुख्यतः भारतीय दंड संहितेतील कलम ४९८ अ चा मार्ग होता; आता त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या ८५ व ८६ या कलमांनी घेतली आहे. त्या मार्गाने अपराध्याला शिक्षा होऊ शकते, परंतु आज रात्री मुलांना घेऊन राहायचे कोठे, या प्रश्नाला तेथे उत्तर नव्हते. नव्या कायद्याने ते देण्याचा प्रयत्न केला. मारहाणीबरोबरच शाब्दिक, मानसिक, लैंगिक व आर्थिक छळही त्याने हिंसाचारात मोजला आणि विवाहित पत्नीपुरते मर्यादित न राहता आई, बहीण, विधवा सून तसेच विवाहसदृश संबंधात राहिलेली स्त्री यांनाही दाद मागण्याचा अधिकार दिला.

या कायद्याचा कणा म्हणजे कलम १८ खालील संरक्षण आदेश. दंडाधिकारी त्याद्वारे प्रतिवादीला हिंसाचार करण्यास वा त्यास साहाय्य करण्यास, स्त्रीच्या कामाच्या ठिकाणी जाण्यास, प्रत्यक्ष, पत्राने अथवा दूरध्वनीवरून संपर्क साधण्यास, तसेच स्त्रीधन किंवा बँकेतील लॉकर परस्पर हाताळण्यास मनाई करू शकतात. अर्जाची पहिली सुनावणी साधारणतः तीन दिवसांच्या आत ठेवावी आणि साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा सांगतो. ही मुदत प्रत्यक्षात सर्वत्र पाळली जाते असे म्हणणे धाडसाचे ठरेल. म्हणूनच कलम २३ महत्त्वाचे आहे. प्रतिज्ञापत्रावरून धोका दिसत असल्यास दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकण्यापूर्वीही अंतरिम आदेश देता येतो.

सीमाभागात सोयरिकी असलेल्या कुटुंबांनी कलम २७ ध्यानात ठेवावे. बेळगाव किंवा सावंतवाडीला दिलेली मुलगी पेडणे अथवा डिचोलीतील माहेरी परतली असेल, तर ती तात्पुरती जेथे राहते तेथील न्यायालयातच अर्ज करू शकते. असा आदेश संपूर्ण भारतात लागू असतो. सासरच्या गावी खेपा घालण्याची सक्ती कायद्याने केलेली नाही.

गोव्यात एक युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसल्यास, १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या व्यवस्थेनुसार पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते आणि पत्नी निम्म्या हिश्शाची धनी ठरते. तेव्हा येथील स्त्रीला आणखी कसल्या संरक्षणाची गरज, असे विचारले जाते. हा समज अर्धा खरा आहे. तो हिस्सा वेगळा होऊन हाती येतो तो विवाहसंबंध संपुष्टात आल्यावर वा विभक्त झाल्यावर, आणि घर हयात सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्यात सुनेचा वाटा अद्याप निर्माणच झालेला नसतो. मालकीचा दाखला उगारलेला हात थांबवत नाही. संरक्षणाचा कायदा इतर कायद्यांच्या जोडीने चालतो, त्यांना पर्याय म्हणून नव्हे, हे कलम ३६ ने स्पष्ट केले आहे.

सासऱ्यांच्या घराचा हा प्रश्न न्यायालयांतही दीर्घकाळ अडकला होता. डिसेंबर २००६ मध्ये, म्हणजे कायदा लागू होऊन जेमतेम दोन महिने होताच, सर्वोच्च न्यायालयाने एस. आर. बत्रा प्रकरणात सासूच्या मालकीच्या घरात राहण्याचा सुनेचा हक्क नाकारला. पुढील सुमारे चौदा वर्षे अनेक अर्ज या निकालावर आपटले. १५ ऑक्टोबर २०२० रोजी सतीश चंदर आहुजा प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो चुकीचा ठरवला. नातेवाइकाच्या मालकीचे घरही, तेथे दांपत्याचा काहीसा स्थिर निवास असल्यास, 'सामायिक घर' ठरू शकते. मात्र त्यामुळे मालकी मिळत नाही, आणि वृद्ध सासू-सासऱ्यांच्या शांततेचाही विचार न्यायालयाने करावयाचा असतो. तत्पूर्वी, २०१६ मध्ये हिरल हरसोरा प्रकरणात प्रतिवादीच्या व्याख्येतील 'प्रौढ पुरुष' हे शब्द रद्द झाले होते. कायद्यातील या मोठ्या दुरुस्त्या संसदेने नव्हे, न्यायालयाने केल्या.

संसदेने करावयाची एक दुरुस्ती अद्याप शिल्लक आहे. आदेशाचा भंग हा कलम ३१ खाली गुन्हा असून त्यास एक वर्षापर्यंत कैद, वीस हजार रुपयांपर्यंत दंड वा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे आणि केवळ पीडितेच्या साक्षीवरूनही न्यायालय तो सिद्ध मानू शकते. पण कलमातील शब्द 'संरक्षण आदेश' असा आहे. दरमहा रक्कम देण्याचा आदेश मोडल्यास हे कलम लावता येते की नाही, यावर उच्च न्यायालयांत मतभेद आहेत. त्यामुळे अर्ज लिहितानाच कलम १८ खालील मनाई स्पष्ट शब्दांत मागणे शहाणपणाचे. नुसत्या पोटगीच्या मागणीवर थांबू नये.

राज्य सरकारच्या हाती असलेली बाब निराळी आहे. पीडितेला न्यायालयापर्यंत पोहोचवणारा संरक्षण अधिकारी नेमणे हे कलम ८ नुसार राज्याचे काम. अनेक राज्यांनी ते आधीच अन्य खात्याच्या कामाने वाकलेल्या अधिकाऱ्यांकडे अतिरिक्त भार म्हणून सोपवले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महिला व बालविकास खात्यातील जिल्हा व तालुका स्तरावरील अधिकाऱ्यांना संरक्षण अधिकारी म्हणून निर्देशित करण्याचा आदेश राज्यांना दिला आणि जेथे हे झाले नव्हते तेथे सहा आठवड्यांची मुदत घालून दिली. या अधिकाऱ्यामार्फतच अर्ज केला पाहिजे असे मात्र नाही. पीडिता थेट दंडाधिकाऱ्यांकडे जाऊ शकते. विधी सेवा प्राधिकरणाकडून तिला उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळतो, आदेशाची प्रतही विनामूल्य मिळते, आणि १८१ ही महिला साहाय्यवाहिनी अहोरात्र उपलब्ध आहे.