मोटारीच्या पोटाखालची नळी

मोटारीची पारख करावयाची तर आपण तिचा रंग पाहतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, फार तर आत बसून पाहतो. वाकून तिच्या पोटाखाली सहसा कोणी डोकावत नाही. तेथे मागच्या टाकीपासून पुढच्या इंजिनापर्यंत करंगळीहून बारीक अशी एक नळी गेलेली असते. पेट्रोल वाहून नेणारी ही नळी आणि तिच्या सोबतीने जाणारी ब्रेकची नळी, या दोहोंवर चिखल, खडी आणि पाणी यांचा मारा अखंड चालू असतो. एक फुटली तर आगीचे भय. दुसरी फुटली तर गाडी थांबविणे कठीण. त्यांना गंजापासून वाचविण्याच्या खटपटीला मोठा इतिहास आहे, आणि त्याचे पहिले पान, मौज अशी की, समुद्रावर लिहिले गेले.

इंग्रजी आरमाराची लाकडी जहाजे तळाशी तांब्याच्या पत्र्याने मढविलेली असत. खाऱ्या पाण्यात तो पत्रा झिजे. १८२४ साली हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने त्या तांब्याला जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले. झिजण्याचे काम त्या तुकड्यांनी पत्करले आणि तांबे शाबूत राहिले. प्रयोग यशस्वी झाला, परंतु नको तितका! झिजणाऱ्या तांब्याचे विष पाण्यात उतरत असे, म्हणूनच समुद्रातील जीव त्या तळाला चिकटत नसत. तांबे झिजेनासे झाले तशी त्यांची पुटे चढली व जहाजांची गती मंदावली. आरमाराने ती युक्ती सोडून दिली. तत्त्व मात्र उरले. १८३७ साली फ्रान्समध्ये सोरेल याने लोखंड वितळलेल्या जस्तात बुडविण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. आपण जिला जस्ताची बादली म्हणतो ती वस्तुतः लोखंडाचीच असते. जस्त तिच्यासाठी वरवर झिजत राहते, इतकेच.

आता मोटारीकडे वळू. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीत टाकी पुढच्या आसनाखाली असे व पेट्रोल आपल्या वजनाने इंजिनाकडे उतरे. टाकीत पेट्रोल थोडे आणि चढ उभा असला म्हणजे ते पोचत नसे; मग चालक गाडी उलटी फिरवून मागच्या मागे चढ चढत! पुढे पेट्रोल खेचणारा पंप आला, टाकी गाडीच्या मागल्या टोकाला गेली, आणि नळीला सबंध गाडीच्या खालून उघड्यावर प्रवास करणे भाग पडले.

आरंभीच्या गाड्यांत या नळ्या बहुधा तांब्याच्या वा पितळेच्या असत. तांबे सहज वाकते, गंजत नाही. पण सततच्या हादऱ्यांनी ते कडक होऊन तडकते, शिवाय त्याच्या संगतीत पेट्रोलमध्ये डिंकासारखा चिकट पदार्थ लवकर तयार होतो. म्हणून पोलाद आले. तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी स्वतःभोवती दोनदा गुंडाळून सांधलेली ‘बंडी’ नळी १९३० नंतरच्या दशकात अमेरिकन गाड्यांत ब्रेकसाठी रूढ झाली. अशा नळीवर बाहेरून जस्ताचा किंवा शिसे-कथलाचा मुलामा देत. हा दुसरा प्रकार म्हणजे आपली कल्हईच की! फरक इतकाच की आपली कल्हई भांड्याच्या आतून असते, ताक कळकू नये म्हणून. ही बाहेरून, चिखलासाठी.

ही व्यवस्था बरी चालली असती. पण मध्ये मीठ आले. १९४१-४२ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील न्यू हॅम्पशर राज्याने बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकण्याचे सर्वसाधारण धोरण स्वीकारले, आणि युद्धानंतर ही पद्धत झपाट्याने पसरली. रस्ते सुरक्षित झाले आणि त्याच उपायाने गाड्यांची पोटे सडू लागली. मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून गंजही वेगाने धावतो.

यावर लोकांना सुचले ते पांघरूण घालणे: डांबरासारखा थर चोपडावा, नळीवर रबराची खोळ चढवावी. माझ्या मते या इतिहासातील फसवी जागा हीच. घट्ट चिकटलेला थर खरोखर रक्षण करतो. पण खोळ सैल असली, थराला भेग पडली, की आत शिरलेले खारे पाणी वाळत नाही. चिखलाने झाकलेल्या जागी हवा कमी पोचते आणि धातू नेमका तेथेच खोल पोखरला जातो. वरून मात्र सारे ठीक दिसते.

स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीने १९७६ मध्ये वेगळी वाट धरली. तांब्यात सुमारे दहा टक्के निकेल व किंचित लोखंड मिसळून केलेली नळी तिने ब्रेकसाठी घेतली. हा मिश्रधातू जहाजांवर समुद्राचे पाणी वाहणाऱ्या नळ्यांतून आलेला. डेव्हीला जे तांबे वाचवावयाचे होते, ते असे दीडशे वर्षांनी सुधारून मोटारीखाली आले! तो महाग असल्यामुळे पुष्कळ कारखानदार पोलादावरच राहिले. जस्तावर प्लॅस्टिकचा घट्ट थर देऊ लागले.

२०१५ साली अमेरिकेच्या वाहन-सुरक्षा खात्याने जुन्या गाड्यांच्या गंजून फुटलेल्या ब्रेक-नळ्यांची चौकशी संपविली, तेव्हा मालकांना दिलेला सल्ला अगदी साधा होता: हिवाळा सरल्यावर गाडीचे पोट स्वच्छ धुवा आणि नळ्या तपासून घ्या. आपल्याकडे बहुतेक रस्त्यांवर मीठ टाकीत नाहीत, पण मुंबई-रत्नागिरीचा खारा वारा व चार महिन्यांचा चिखल आहेच. पावसाळ्यानंतर गाडी वर उचललेली असेल तेव्हा मेस्त्रीला नळीच्या क्लिपा सोडवून त्यांच्याखाली पाहावयास सांगावे. माती प्रथम तेथेच साचते.