मयूरमुद्रा आणि आजचा करारनामा

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला बारामती म्हटले की मोरोपंत आठवतात. पन्हाळ्यास १७२९ साली जन्मलेला हा कवी बाबूराव नाईकांच्या आश्रयाने बारामतीत पुराणिक म्हणून राहिला आणि १७९४ साली तेथेच निवर्तला. कऱ्हेकाठी रचलेल्या त्याच्या आर्या कीर्तनकार व पुराणिक पोथ्यांतून उतरवून घेत. नक्कल करण्यास कोणाची परवानगी लागत नसे. कवी जपत असे ते एकच, रचनेत गुंफलेले ‘मयूर’ हे आपले नाव.

या व्यवहारात एक स्वच्छ तर्क होता. योगक्षेम नाईकांकडून चाले, कीर्ती नकलांतून वाढे. म्हणून नक्कल हे कवीचे नुकसान नसून लाभ होता. आजच्या प्राध्यापकाची स्थिती तत्त्वतः याहून वेगळी नाही. त्याला वेतन मिळते. शोधनिबंधाबद्दल नियतकालिक सहसा मानधन देत नाही. त्याला हवे असतात वाचक आणि आपल्या नावाचा उल्लेख. मग त्याचा लेख कुलूपबंद का व्हावा?

उत्तर मुद्रणाच्या इतिहासात सापडते. हिंदुस्थानात १८४७ साली ग्रंथस्वामित्वाचा कायदा आला. मोरोपंतांच्या निधनाला तोवर अर्धशतक उलटले होते. त्यामुळे परशुरामतात्या गोडबोल्यांच्या १८५४ च्या ‘नवनीता’त ते मोकळेपणाने आले. १८७८ साली सुरू झालेल्या ‘काव्येतिहाससंग्रहा’नेही जुन्या काव्यांचे व बखरींचे धन असेच वाचकांपुढे मांडले. जुन्या काव्याला कायद्याचा अडसर नव्हता. अडसर आला तो त्यावरील अभ्यासाला.

मोरोपंतांचे विस्तृत चरित्र व काव्यविवेचन लिहिणारे ल. रा. पांगारकर १९४१ साली वारले. त्याच वर्षी रवींद्रनाथ टागोरही गेले. १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाच्या पश्चात ५० वर्षे स्वामित्व टिके. म्हणजे दोघांचे लेखन १९९१ च्या अखेरीस सर्वांचे व्हायचे. परंतु टागोरांच्या ग्रंथांचे हक्क संपत आलेले पाहून ती मुदत ६० वर्षांची करण्यात आली. विश्वभारतीचा प्रश्न सुटला खरा, पण पांगारकरांचे लेखनही आणखी दहा वर्षे, २००१ च्या अखेरपर्यंत, बांधलेले राहिले. एका ग्रंथकाराच्या हितासाठी केलेला नियम ज्यांच्या लेखनातून फारशी मिळकत उरलेली नव्हती, अशा असंख्यांना लागू झाला.

त्यानंतर दोनच महिन्यांत, फेब्रुवारी २००२ मध्ये, बुडापेस्टचे मुक्तप्रवेशाचे निवेदन प्रसिद्ध झाले. संशोधन वाचकाला विनामूल्य मिळावे. लेखकाकडे आपल्या कृतीच्या अखंडतेवर नियंत्रण आणि योग्य श्रेयाचा हक्क राहावा, हे त्याचे सार. नक्कल मोकळी, नाव अबाधित! मयूरमुद्रेचा न्याय याहून फार निराळा नव्हता.

आपल्या कायद्यातही लेखकाला आधार आहे. कलम ५७ अन्वये हक्क विकल्यानंतरही कर्तृत्वाचा दावा लेखकाकडेच राहतो. कलम १९ म्हणते की हस्तांतरणाच्या लेखात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची समजावी, आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता मानावा. मात्र प्रकाशकांच्या छापील करारात बहुधा ‘संपूर्ण मुदतीसाठी, सर्व जगासाठी’ असे शब्द असतात, आणि आपण न वाचता सही करतो. त्या एका सहीने आपलाच निबंध आपल्या विद्यार्थ्यांना देण्याचा अधिकार आपण गमावू शकतो.

याची झळ पुण्यामुंबईच्या मोठ्या ग्रंथालयांपेक्षा इंदापूर-बारामतीच्या वाचकाला अधिक लागते. २००९ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनंतर प्रबंध ‘शोधगंगे’वर खुले होऊ लागले, म्हणून इंदापुरात बसलेली विद्यार्थिनी आज दूरच्या विद्यापीठातील प्रबंध वाचू शकते. पण त्याच प्रबंधावर आधारलेला लेख पैशाच्या दाराआड असेल, तर तिचे वाचन उंबरठ्यावरच थांबते.

तेव्हा करारनामा हाती आला की निदान एवढे विचारावे: स्वीकृत मसुदा खुल्या भांडारात ठेवण्याचा हक्क माझ्याकडे राहील काय? मोरोपंतांना हा प्रश्न विचारावा लागला नाही. आपल्याला तो विचारावाच लागेल.