सच्छिद्र पदार्थांची ताठरता कशी मोजतात?

बूच, थर्माकोल, हाडाच्या आतला जाळीदार भाग आणि धातूचा फेस हे पदार्थ दिसायला भिन्न असले तरी चारही पोकळ्या आणि त्यांच्या पातळ भिंती यांचेच बनलेले असतात. असा पदार्थ ठरावीक भाराखाली किती दबतो, यावरून त्याची ताठरता ठरते. ताठरता म्हणजे मजबुती नव्हे. पदार्थ केव्हा मोडेल, हे मजबुती सांगते.

घनता घटली की ताठरता त्याहून कितीतरी वेगाने घटते. लोर्ना गिब्सन व मायकेल अॅशबी यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार, खुल्या पोकळ्यांच्या फेसाची ताठरता सापेक्ष घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. भरीव अॅल्युमिनियमचा यंग गुणांक सुमारे ७० गिगापास्कल असतो. एक दशांश घनतेच्या फेसाचा मात्र जेमतेम ०.७. भार आला की भिंती वाकतात, हे त्याचे कारण.

मोजणी वरकरणी सोपी वाटते. ठोकळा यंत्राच्या दोन पाट्यांमध्ये दाबायचा, आलेख काढायचा आणि सुरुवातीच्या सरळ रेषेचा चढ घ्यायचा. घोटाळा होतो तो येथेच. ठोकळा कापताना पृष्ठभागावरील पोकळ्या चिरल्या जातात आणि आधार सुटलेल्या त्यांच्या भिंती सर्वांत आधी दबतात. पाट्यांमधील अंतरावरून मोजल्यास हे दबणे साऱ्या ठोकळ्याच्या माथी मारले जाते आणि ताठरता प्रत्यक्षाहून कमी भरते. म्हणून मापक ठोकळ्याच्या मधल्या भागावर बसवणे श्रेयस्कर. शिवाय काही भिंती पहिल्याच भाराने कायमच्या वाकतात. त्यामुळे भार उतरवतानाचा चढ अधिक भरवशाचा मानला जातो. ठोकळाही पुरेसा मोठा हवा. सच्छिद्र धातूंसाठीच्या २०११ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार, त्याची प्रत्येक बाजू सरासरी पोकळीच्या किमान दहापट असावी लागते.

हा काटेकोरपणा केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. खुब्याच्या रोपणात वापरल्या जाणाऱ्या टायटॅनियमच्या मिश्रधातूचा गुणांक सुमारे ११० गिगापास्कल, तर हाडाच्या घट्ट भागाचा १५ ते २० असतो. रोपण फार ताठर असल्यास बहुतांश भार तेच पेलते आणि काम न उरलेले हाड विरळ होत जाते. ही तफावत कमी करण्यासाठी सच्छिद्र टायटॅनियम वापरतात. चाचणीतला आकडा चुकून कमी आला, तर गरजेपेक्षा ताठर रोपणही योग्य ठरण्याचा धोका असतो.

ठोकळा न दाबताही मोजणी करता येते. पट्टीवर हलकी टकटक करून तिच्या कंपनांची वारंवारिता नोंदवतात. वस्तुमान व मापे ठाऊक असली की ताठरता गणिताने मिळते. या पद्धतीत पाट्यांचा स्पर्श नसतो.