उघड्या गुप्तधनाचा खेळ

गुप्तधनाच्या गोष्टी महाराष्ट्रांत गांवोगांव सांगितल्या जातात. पडक्या वाड्याच्या भिंतींत किंवा जुन्या वडाच्या मुळाशीं मोहरांचा हंडा पुरलेला असतो. त्याच्यावर भुजंग वेटोळें घालून बसलेला असतो. आणि तो हंडा नेमका कोठें आहे हें पायाळू माणसाखेरीज किंवा डोळ्यांत अंजन घातलेल्या मांत्रिकाखेरीज दुसऱ्या कोणाला दिसत नाहीं. ह्या साऱ्या गोष्टींचा गाभा एकच. धन पुरणारा जागा कोणाला सांगत नाहीं, आणि ज्याला ती कळते तो धन घेऊन निघून जातो.

इसवी सन २००० मध्यें अमेरिकेंत ह्याच्या अगदीं उलट नियमांचा एक खेळ निघाला. त्यांत ठेवा लपविणारा त्याची जागा साऱ्या जगाला बिनचूक सांगतो. शोधणारा तेथें जाऊन डब्याचें झांकण उघडतो, आंतल्या वहींत आपलें नांव व तारीख लिहितो, एखादी वस्तु उचलली तर तिच्याच मोलाची दुसरी ठेवतो, आणि डबा होता तसा झांकून परत येतो. ह्या खेळास जिओकॅशिंग असें नांव आहे. वरवर पाहणाऱ्यास हा पोरखेळ वाटेल. परंतु त्याच्या जन्माची हकीकत पाहूं गेल्यास तींत अण्वस्त्रें वाहणाऱ्या पाणबुड्या, २६९ निरपराध माणसांचा मृत्यु आणि एका सरकारानें जाणूनबुजून केलेली सत्याची भेसळ, असा मोठा पसारा आढळतो. पृथ्वीवर आपण कोठें उभे आहों हें अचूक जाणण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न ह्या खेळाच्या मुळाशीं आहे.

रानांत डबा ठेवून येणाऱ्यांची नोंद करण्याची कल्पना मात्र नवी नव्हे. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डेव्हन परगण्यांत डार्टमूर नांवाचें उजाड, दलदलीचें माळरान आहे. तेथील चॅगफर्ड गांवचा जेम्स पेरट हा वाटाड्या हौशी प्रवाशांना त्या माळावरील क्रॅनमियर पूल ह्या दुर्गम जागीं नेत असे. १८५४ सालीं त्यानें तेथें एक बाटली ठेविली. जो कोणी तेथवर पोहोंचेल त्यानें आपल्या नांवाची चिठ्ठी तींत टाकावी, असा संकेत पडला. पुढें लोक तेथें पत्रें ठेवूं लागले आणि मागून येणारा प्रवासी तीं नेऊन टपालांत टाकूं लागला. त्यावरून अशा डब्यांना पत्रपेट्या म्हणूं लागले. १९०५ पासून तेथें सह्यांची वही आली. पेरटच्या ह्या बाटलींत नव्या खेळाचीं सर्व अंगें आहेत: आडरान, डबा, नोंद आणि अनोळखी माणसांचा परस्परांवरील विश्वास. नव्हतें तें एकच. वाटाड्यावांचून ती जागा परक्याला सांपडणें कठीण होतें. त्या काळीं जागा ठाऊक असणें म्हणजे जागा ठाऊक असणारा माणूस ठाऊक असणें, असाच त्याचा अर्थ होता.

समुद्रावर वाटाड्या नसतो. म्हणून आपली जागा गणितानें काढण्याची विद्या प्रथम दर्यावर्द्यांनीं वाढविली. ध्रुवाच्या किंवा मध्यान्हींच्या सूर्याच्या उंचीवरून अक्षांश काढणें सोपें होतें; रेखांशासाठीं मात्र बंदरांतील वेळ जहाजावर बरोबर नेणारें घड्याळ लागे. अठराव्या शतकांत जॉन हॅरिसन ह्या इंग्रज कारागिरानें जन्म वेंचून तसें घड्याळ तयार केलें. अचूक जागा हवी असेल तर आधीं अचूक वेळ हवी, हा धडा तेव्हांपासून विज्ञानानें पाठ केला आहे.

पुढचें पाऊल पडलें तें आकाशांत. ४ ऑक्टोबर १९५७ रोजीं रशियानें स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. अमेरिकेंत जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंतील विल्यम ग्वायर व जॉर्ज वायफेनबाख हे दोन तरुण शास्त्रज्ञ त्याचा ध्वनि ऐकत बसले. शिटी वाजवीत येणारी आगगाडी जवळ येतांना शिटीचा सूर चढा लागतो आणि ती दूर जातांना उतरता लागतो. तसाच उपग्रहाचा सूर बदलत होता. त्या चढउतारावरून त्यांनीं उपग्रहाचा मार्ग गणितानें मांडला. तेव्हां त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्लूर ह्यांना १९५८ सालीं उलट प्रश्न सुचला: जमिनीवरील जागेवरून जर उपग्रह शोधतां येतो, तर ठाऊक असलेल्या उपग्रहावरून जमिनीवरील जागा कां शोधतां येऊं नये? ह्या प्रश्नांतून ट्रान्झिट ही उपग्रहमाला निर्माण झाली. अण्वस्त्रें घेऊन समुद्राखालीं फिरणाऱ्या पोलारिस पाणबुड्यांना आपली जागा कळावी, हा तिचा पहिला हेतु होता. १९६४ सालीं ती आरमाराच्या सेवेंत रुजू झाली, १९६७ सालीं व्यापारी जहाजांना खुली झाली आणि १९९६ सालीं निवृत्त झाली. तिची उणीव अशी कीं उपग्रह माथ्यावरून जाईल तेव्हांच जागा कळे. मधल्या वेळांत वाट पाहत बसावें लागे.

ही उणीव भरून काढण्याची योजना अमेरिकेच्या लष्करी खात्यानें डिसेंबर १९७३ मध्यें मंजूर केली आणि कर्नल ब्रॅडफर्ड पार्किन्सन ह्यांच्या नेतृत्वाखालीं ती उभी राहिली. तिलाच पुढें जी.पी.एस. हें नांव जगभर मिळालें. पहिला उपग्रह फेब्रुवारी १९७८ मध्यें उडाला आणि २४ उपग्रहांची माला १९९५ सालीं पूर्णपणें कार्यान्वित झाल्याचें जाहीर झालें. सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून हे उपग्रह बारा तासांत पृथ्वीभोंवतीं एक फेरी घालतात. प्रत्येकांत अणुघड्याळ असून, ‘आतां अमुक वेळ झाली आणि मी अमुक ठिकाणीं आहें,’ एवढाच संदेश तो अखंड पाठवीत असतो.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकूं येईपर्यंतचे क्षण मोजून वीज किती दूर पडली हें शेतकरी ताडतो. हातांतलें यंत्र तेंच करतें. मात्र येथें आवाजाऐवजीं प्रकाशाच्या वेगानें धांवणाऱ्या लहरी असतात. तीन उपग्रहांचीं अंतरें कळलीं म्हणजे जागा निश्चित होते. आणि यंत्रांतील साधें घड्याळ किती चुकतें आहे हें काढण्यास चौथा उपग्रह लागतो. सेकंदाच्या एक अब्जांश भागांत प्रकाश ३० सेंटिमीटर जातो, यावरून घड्याळ किती काटेकोर हवें याची कल्पना येईल. उपग्रहाचा वेग आणि त्याच्या उंचीवरील क्षीण गुरुत्वाकर्षण यांमुळें त्यांतील घड्याळ जमिनीवरील घड्याळापेक्षां दिवसाला सुमारें ३८ मायक्रोसेकंद पुढें जातें. आइन्स्टाइनच्या सिद्धांताप्रमाणें ही दुरुस्ती केली नाहीं, तर एका दिवसांत सुमारें ११ किलोमीटरांची चूक साचेल.

एवढें अचूक साधन सर्वांच्या हातीं द्यावें कीं नाहीं? योजकांनीं दोन प्रकारच्या लहरी ठेविल्या: एक सैन्यासाठीं सांकेतिक, दुसरी सामान्यांसाठीं उघडी. इतक्यांत १ सप्टेंबर १९८३ रोजीं एक भयंकर घटना घडली. न्यूयॉर्कहून अलास्कामार्गें सेऊलकडे जाणारें कोरियाचें प्रवासी विमान आपल्या मार्गापासून शेंकडों किलोमीटर भरकटून रशियाच्या हद्दींत शिरलें आणि रशियाच्या लढाऊ विमानानें तें पाडलें. आंतील २६९ माणसांपैकीं एकही वांचलें नाहीं. आपण कोठें आहों हें वैमानिकांना कळलें नाहीं, एवढ्यानें हा अनर्थ ओढवला. त्याच महिन्यांत अध्यक्ष रेगन यांच्या सरकारानें जाहीर केलें कीं, ही नवी व्यवस्था पुरी झाल्यावर नागरी विमानांनाही ती विनामूल्य वापरतां येईल.

वचन पाळलें गेलें, परंतु हात राखून. मार्च १९९० पासून उघड्या लहरींत मुद्दाम चूक मिसळण्यांत येऊं लागली. सामान्य माणसाच्या यंत्राला जागा सुमारें १०० मीटरांच्या फरकानें कळावी आणि शत्रूला नेम धरतां येऊं नये, असा त्यामागील हिशेब होता. ह्या धोरणाची विसंगति लौकरच उघडी पडली. १९८९ सालीं मॅगेलन कंपनीनें हातांत धरतां येईल असें पहिलें यंत्र सुमारें ३,००० डॉलरांस बाजारांत आणलें होतें. इराकविरुद्ध वाळवंटांत उतरलेल्या अमेरिकन सैन्याकडे लष्करी यंत्रें अपुरीं पडलीं, तेव्हां बाजारचीं नागरी यंत्रें शिपायांच्या हातीं द्यावीं लागलीं, आणि आपल्याच शिपायांची दिशाभूल होऊं नये म्हणून ती मिसळलेली चूक कांहीं काळ काढून टाकावी लागली. दुसरीकडे त्याच सरकारचें तटरक्षक दल जहाजांच्या सुरक्षिततेसाठीं ती चूक दुरुस्त करणारीं केंद्रें किनाऱ्यावर उभारीत होतें. एका हातानें धूळ उडवावी आणि दुसऱ्या हातानें ती झाडावी, असा हा प्रकार होता.

१९९६ सालीं सरकारानें दहा वर्षांच्या आंत ही भेसळ बंद करण्याचें ठरविलें. आणि १ मे २००० रोजीं अध्यक्ष क्लिंटन यांनीं ती त्याच मध्यरात्रीं थांबेल असें जाहीर केलें. जगांतील प्रत्येक जुनें यंत्र, त्याला कोणीं हात न लावतां, सुमारें दहापट अचूक झालें. हा फरक किती मोठा होता तें साध्या हिशेबानें कळेल. १०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळांत ३१,००० चौरस मीटरांहून अधिक जमीन येते. १० मीटर त्रिज्येच्या वर्तुळांत अवघी ३१४. पहिल्या वर्तुळांत एखादी बादली शोधणें म्हणजे अख्खें रान पालथें घालणें होय. दुसऱ्या वर्तुळांत ती एका सकाळीं सांपडूं शकते.

हें सर्वांत आधीं ताडलें तें डेव्ह अल्मर ह्या संगणक-सल्लागारानें. निर्णयानंतर दोनच दिवसांनीं, ३ मे २००० रोजीं, ऑरेगन राज्यांतील पोर्टलंड शहराजवळ बीव्हरक्रीक येथील झाडींत त्यानें एक काळी बादली अर्धवट पुरून ठेविली. तींत वही व पेन्सिल, कांहीं पुस्तकें, चित्रफिती, एक गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा हवाबंद डबा, असा किरकोळ ऐवज होता. उपग्रह-मार्गदर्शनाची आवड असणाऱ्या मंडळींच्या संगणकीय चर्चामंडळांत त्यानें जागा जाहीर केली: उत्तर अक्षांश ४५ अंश १७.४६० कला, पश्चिम रेखांश १२२ अंश २४.८०० कला. नियम एकच: कांहीं घ्या, कांहीं ठेवा आणि वहींत लिहा. तीन दिवसांच्या आंत दोघांनीं ती बादली शोधून आपली हकीकत कळविली. त्यांतील पहिला माइक टीग हा होता. पाठोपाठ इतरांनींही आपापले डबे लपविले. ह्या खेळाला प्रथम वापरलेल्या इंग्रजी शब्दास चोरट्या मालाचा वास येत होता. म्हणून त्याच महिन्याच्या अखेरीस मॅट स्टम ह्यानें जिओकॅशिंग हें नांव सुचविलें. त्यांतील ‘जिओ’ म्हणजे पृथ्वी. ‘कॅश’ हा शब्द मूळचा फ्रेंच, आणि रानांतील फांसेपारधी परतीच्या वाटेसाठीं शिधा लपवून ठेवीत त्याला उद्देशून तो वापरीत. सप्टेंबर २००० मध्यें जेरेमी आयरिश ह्यानें सर्व ठेव्यांची एकत्र यादी ठेवण्याची व्यवस्था केली, तेव्हां तींत ७५ ठेवे होते. पुढें ही संख्या तीस लाखांच्या वर गेली. २००८ सालीं रिचर्ड गॅरिअट ह्या अंतराळप्रवाशानें आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावरही एक ठेवा नोंदविला.

खेळाची रीत अशी. यंत्रांत अक्षांश-रेखांशांचे आंकडे भरले कीं पडद्यावर बाण उमटतो आणि अंतर कमी कमी होत जातें. आंकडे कलेच्या हजारांश भागापर्यंत देतात. अक्षांशाची एक कला म्हणजे १,८५२ मीटर, तेव्हां तिचा हजारावा भाग दोन मीटरांहूनही कमी. तरीही दाट झाडी किंवा उंच कडा आड आला कीं लहरी अडतात, परावर्तित होतात आणि बाण भांबावल्यासारखा फिरूं लागतो. म्हणून जाणते खेळाडू शेवटचीं दहा पावलें राहिलीं कीं यंत्र खिशांत टाकतात. पोकळ खोड, कोणीतरी रचल्यासारखे दगड, पानांचा अस्वाभाविक ढीग, हीं शोधावयास डोळेच लागतात.

सर्वच कांहीं सुरळीत झालें असें नाहीं. भयानें ग्रासलेल्या काळांत लपविलेला डबा संशयास्पद ठरतो. २०११ सालीं इंग्लंडांतील वेदरबी येथें असा एक डबा बाँब समजून उडवून देण्यांत आला. आकाशांतील व्यवस्थेची किल्लीही पुष्कळ काळ एकाच राष्ट्राच्या हातीं राहिली. सप्टेंबर २००७ मध्यें अमेरिकेनें, ह्यापुढील नव्या पिढीच्या उपग्रहांत चूक मिसळण्याची सोयच ठेवणार नाहीं, असें जाहीर केलें. तरी इतर राष्ट्रांनीं केवळ शब्दावर विसंबणें पत्करलें नाहीं. रशिया, युरोप व चीन यांनीं आपापल्या उपग्रहमाला उभारल्या. भारतानेंही १ जुलै २०१३ रोजीं आपल्या मालेंतील पहिला उपग्रह सोडला आणि २०१६ सालीं त्या मालेस नाविक हें नांव दिलें.

राष्ट्रांराष्ट्रांतील ह्या अविश्वासाशेजारीं त्या काळ्या बादलीची गोष्ट ठेवून पाहण्यासारखी आहे. जें ज्ञान सामान्यांच्या हातीं गेल्यास घात होईल असें शासनाला दहा वर्षें वाटत होतें, तें हातीं येतांच एका सामान्य माणसानें पहिली गोष्ट कोणती केली? रानांत पहारा नसलेला एक डबा ठेविला आणि त्याचा ठावठिकाणा अनोळखी जगाला सांगितला. त्या जगानें डबा पळविला नाहीं. वहींत नांव लिहिलें. बीव्हरक्रीकच्या त्या जागीं २००३ सालीं स्मृतिफलक बसविण्यांत आला. घेवड्याचा तो डबाही पुढें सांपडला आणि खेळाडूंच्या मेळाव्यांत कौतुकानें मांडला जाऊं लागला. बाजारांत त्याला कवडीची किंमत नाहीं. तरी त्याच्यावर भुजंग बसवावा लागला नाहीं, हें त्या उघड्या गुप्तधनाचें खरें मोल होय.