आंतरराष्ट्रीय व्यापारधोरणाची संसदीय छाननी : जालना जिल्ह्यातील बियाणे व कापूस यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा (१९९१–२०२५)

प्रस्तावना :

परराष्ट्रांशी होणारा व्यापार हा वरकरणी राजधानीतील मंत्रालयांचा व बंदरांवरील जकात कचेऱ्यांचा विषय वाटतो. प्रत्यक्षात त्याचे परिणाम समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या कोरडवाहू शेतापर्यंत पोहोचतात. मराठवाड्यातील जालना जिल्हा हे याचे उत्तम उदाहरण होय. १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्यात कापूस आणि सोयाबीन ही खरिपाची प्रमुख पिके आहेत, तर जालना शहर देशातील बियाणे उद्योगाचे एक महत्त्वाचे केंद्र मानले जाते. म्हणजेच बियाणे विकणारा आणि बियाणे पेरणारा असे दोन्ही घटक येथे शेजारी नांदतात. म्हणूनच १९९१ नंतरच्या व्यापारधोरणाचे दोन्ही बाजूंचे परिणाम या जिल्ह्यात एकत्र पाहावयास मिळतात.

शासनाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारधोरणावर भारतीय संसदेचे नियंत्रण कितपत राहिले, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत निबंधात जालना जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे. ज्या ठिकाणी करार अमलात आणण्यासाठी कायदा करणे भाग होते, त्या ठिकाणी संसदेची छाननी परिणामकारक ठरली. ज्या ठिकाणी केवळ अधिसूचनेने काम भागत होते, त्या ठिकाणी ती नेहमीच उशिरा पोहोचली, असे या आढाव्यातून दिसून येते.

घटनात्मक चौकट :

१८०३ च्या असईच्या लढाईनंतरच्या काळात जालना परिसर निजामाच्या अमलाखाली आला आणि १९४८ पर्यंत तो हैदराबाद संस्थानाचा भाग होता. संस्थानाचे स्वतःचे जकात खाते होते व ते ‘करोडगिरी’ या नावाने ओळखले जाई. जालन्याच्या बाजारपेठेतून बाहेर जाणाऱ्या मालावरील जकातीसंबंधी दरबाराला जाब विचारू शकेल असे लोकनियुक्त सभागृह तेव्हा नव्हते. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर आणि १९५० मध्ये राज्यघटना अमलात आल्यानंतर ही स्थिती तत्त्वतः पालटली.

तथापि, राज्यघटनेने करार करण्याचा अधिकार संसदेच्या पूर्वसंमतीशी जोडलेला नाही. सातव्या अनुसूचीतील संघसूचीत परराष्ट्रांशी तह व करार करणे हा विषय नोंद १४ मध्ये येतो आणि अनुच्छेद ७३ नुसार त्यासंबंधीचे कार्यकारी अधिकार केंद्र शासनाकडे जातात. संसदेने या विषयावर कायदा करून कार्यपद्धती ठरविलेली नसल्याने मंत्रिमंडळाच्या निर्णयाने करार करता येतो. नागरिकांच्या हक्कांवर परिणाम होत असेल किंवा प्रचलित कायद्यात बदल करावा लागत असेल तरच कायद्याची गरज भासते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९६९ च्या मगनभाई ईश्वरभाई पटेल खटल्यात स्पष्ट केले. शेती हा विषय राज्यसूचीत आहे. परंतु अनुच्छेद २५३ नुसार आंतरराष्ट्रीय कराराच्या अंमलबजावणीसाठी संसद राज्यसूचीतील विषयावरही कायदा करू शकते. परिणामी, जालन्याच्या शेतकऱ्यावर परिणाम करणाऱ्या व्यापारकरारासंबंधी महाराष्ट्र विधिमंडळाचा शब्द निर्णायक राहत नाही आणि सर्व भिस्त संसदेवर येऊन पडते.

डंकेल प्रस्ताव आणि संसद :

गॅटच्या उरुग्वे फेरीतील वाटाघाटींचा मसुदा महासंचालक आर्थर डंकेल यांनी डिसेंबर १९९१ मध्ये मांडला. शेती, वस्त्रोद्योग व बौद्धिक संपदा हे विषय प्रथमच इतक्या व्यापक स्वरूपात जागतिक व्यापारनियमांच्या कक्षेत येत होते. महाराष्ट्रातील शेतकरी चळवळीत या प्रश्नावर एकमत नव्हते. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी प्रस्तावाचे समर्थन केले. भारतीय शेतकऱ्याचे खरे नुकसान परदेशी स्पर्धेपेक्षा शासनानेच लादलेल्या निर्यातबंदीने व भावनियंत्रणाने होते, अशी त्यांची भूमिका होती. याउलट बियाण्यांवरील मक्तेदारीमुळे शेतकरी परावलंबी होईल, अशी भीती डाव्या पक्षांनी व इतर राज्यांतील काही शेतकरी संघटनांनी व्यक्त केली.

एप्रिल १९९३ मध्ये संसदेत विभागनिहाय स्थायी समित्यांची पद्धत सुरू झाली. वाणिज्य मंत्रालयाशी संबंधित समितीचे अध्यक्षपद इंद्रकुमार गुजराल यांच्याकडे होते. या समितीने डंकेल प्रस्तावाची तपासणी करून १९९३ च्या अखेरीस चिकित्सक अहवाल सादर केला. परंतु १५ डिसेंबर १९९३ रोजी जिनिव्हातील वाटाघाटी संपुष्टात आल्या आणि १५ एप्रिल १९९४ रोजी मराकेश येथे वाणिज्यमंत्री प्रणव मुखर्जी यांनी करारावर स्वाक्षरी केली. १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. समितीच्या शिफारशी शासनावर बंधनकारक नव्हत्या आणि स्वाक्षरीपूर्वी संसदेच्या मतदानाची अटही नव्हती. छाननी झाली, मात्र तिचा प्रभाव मर्यादित राहिला.

संसदेचा खरा प्रभाव पुढच्या टप्प्यावर जाणवला. करारातील बौद्धिक संपदाविषयक अटींसाठी १९७० च्या पेटंट कायद्यात दुरुस्ती करणे आवश्यक होते. शासनाने ३१ डिसेंबर १९९४ रोजी अध्यादेश काढला. त्याची जागा घेणारे विधेयक मार्च १९९५ मध्ये लोकसभेने संमत केले. परंतु राज्यसभेत ते अडले आणि १९९६ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर व्यपगत झाले. याविरुद्ध अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली व डिसेंबर १९९७ मध्ये अपील मंडळाचा निर्णय भारताच्या विरोधात गेला. अखेर १९९९ मध्ये दुरुस्ती करावी लागली. स्वाक्षरीपूर्वी संसदेला विश्वासात न घेतल्यास तिचा विरोध स्वाक्षरीनंतर उफाळतो आणि त्याची किंमत देशाला आंतरराष्ट्रीय मंचावर मोजावी लागते, हा या प्रकरणाचा धडा होय.

बियाणे : छाननीचा परिणामकारक टप्पा :

जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी म्हणजेच ‘महिको’ची स्थापना केली. पुढे बियाणे निर्मिती हा या परिसराचा महत्त्वाचा व्यवसाय बनला. बारवाले यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २६ मार्च २००२ रोजी केंद्र शासनाच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने ज्या तीन बीटी कापूस संकरित वाणांना मान्यता दिली, ते महिकोचेच होते. वाण विकसित करणाऱ्या उद्योगाला कायदेशीर संरक्षण हवे होते, तर बियाणे जपून ठेवणाऱ्या शेतकऱ्याला आपला परंपरागत हक्क टिकवायचा होता. हे दोन्ही हितसंबंध जालन्यात समोरासमोर उभे होते.

जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा कराराने पीक वाणांना पेटंट अथवा अन्य परिणामकारक स्वतंत्र पद्धतीने संरक्षण देणे बंधनकारक केले होते. भारताने स्वतंत्र पद्धतीचा मार्ग निवडला. डिसेंबर १९९९ मध्ये मांडलेले पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क विधेयक साहिबसिंह वर्मा यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त संसदीय समितीकडे सोपविण्यात आले. समितीने २००० मध्ये अहवाल दिला व विधेयकात महत्त्वाचे बदल सुचविले. शेतकऱ्यांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण हे त्यांपैकी सर्वांत मोलाचे. २००१ च्या कायद्यातील कलम ३९ नुसार शेतकऱ्याला संरक्षित वाणाचेही बियाणे राखणे, वापरणे, पेरणे, पुन्हा पेरणे, देवाणघेवाण करणे व विकणे हे हक्क मिळाले. मात्र ते छापील नाममुद्रेखाली विकता येत नाही. बियाण्याने सांगितलेली कामगिरी न दाखविल्यास भरपाई मागण्याची तरतूदही त्यात आहे. २००२ च्या पेटंट दुरुस्तीने वनस्पती व बियाणे पेटंटच्या कक्षेबाहेर ठेवली.

या हक्कांचे व्यावहारिक मूल्य पिकानुसार बदलते. संकरित कापसाचे बियाणे दुसऱ्या वर्षी पेरल्यास मूळ गुणधर्म टिकत नाहीत. त्यामुळे कापूस उत्पादकाला दरवर्षी नवे पाकीट घ्यावेच लागते. सोयाबीन, हरभरा किंवा बदनापूर येथील कृषी संशोधन केंद्राने विकसित केलेल्या बीडीएन ७११ या तुरीसारख्या सरळ वाणांबाबत मात्र घरचे बियाणे राखण्याचा हक्क खर्चात प्रत्यक्ष बचत करणारा ठरतो. २०१९ मध्ये गुजरातमधील काही बटाटा उत्पादकांवर एका बहुराष्ट्रीय कंपनीने दावे दाखल केले, तेव्हा शेतकऱ्यांच्या बाजूने याच कलमाचा आधार पुढे करण्यात आला आणि कंपनीने दावे मागे घेतले. संसदीय समितीने घातलेली तरतूद जवळजवळ दोन दशकांनी उपयोगी पडल्याचे हे उदाहरण होय.

कापूस : अधिसूचनेचा मार्ग :

कापसाच्या बाबतीत मात्र चित्र वेगळे आहे. १९९२ च्या विदेश व्यापार (विकास व नियमन) कायद्यानुसार केंद्र शासन आदेशाद्वारे आयात-निर्यातीवर निर्बंध घालू शकते, तर १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम २५ नुसार लोकहितार्थ शुल्कात सूट देऊ शकते. असे आदेश व अधिसूचना नंतर संसदेच्या पटलावर ठेवाव्या लागतात आणि त्या रद्द करण्याचा अधिकारही सभागृहांना आहे. परंतु तोपर्यंत त्यांचा अंमल सुरू झालेला असतो. १ एप्रिल २००० रोजी ७१४ व १ एप्रिल २००१ रोजी ७१५ वस्तूंवरील संख्यात्मक आयात निर्बंध उठविण्यात आले, तेही आयात-निर्यात धोरणातील बदलाद्वारेच.

५ मार्च २०१२ रोजी केंद्र शासनाने कापसाच्या निर्यातीवर एकाएकी बंदी घातली. संसदेचे अर्थसंकल्पी अधिवेशन सुरू होण्यास तेव्हा एक आठवडा शिल्लक होता. केंद्रीय कृषिमंत्री शरद पवार यांनी या निर्णयाला उघड विरोध केला आणि आठवडाभरातच बंदी मागे घेण्याची घोषणा झाली. निर्णय फिरला, हे खरे. पण तो मंत्रिमंडळातील मतभेदामुळे व राजकीय दबावामुळे फिरला. संसदीय समितीची चौकशी त्यामागे नव्हती. कृषिमंत्री कापूस उत्पादक राज्यातील नसते तर काय झाले असते, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहतो.

आयात शुल्काचा इतिहासही असाच आहे. जुलै २००८ मध्ये कापसावरील आयात शुल्क उठविले गेले. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात अधिभारांसह ११ टक्के शुल्क लागू झाले. २०२२ मध्ये ते काही महिन्यांसाठी स्थगित झाले. १८ ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने ३० सप्टेंबरपर्यंत पुन्हा सूट देण्यात आली. २१ ऑगस्टला संसदेचे पावसाळी अधिवेशन संपले आणि त्यानंतर आठवडाभरात ही मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढविण्यात आली. अमेरिकेच्या वाढीव आयात शुल्कामुळे अडचणीत आलेल्या वस्त्रोद्योगाला स्वस्त कच्चा माल मिळावा, ही मागणी त्यामागे होती आणि ती निराधार नव्हती. परंतु ऑक्टोबर ते डिसेंबर हाच जालना, अंबड, घनसावंगी, भोकरदन या तालुक्यांतील कापसाच्या वेचणीचा व विक्रीचा मुख्य काळ असतो. त्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये व लांब धाग्याचा ८,११० रुपये जाहीर झाला होता. हमीभावाने खरेदी करणारे केंद्र गाठू न शकणाऱ्या शेतकऱ्यापुढे खुल्या बाजाराखेरीज पर्याय नसतो आणि त्या बाजारावर शुल्कमुक्त आयातीची छाया पडलेली असते. १ डिसेंबरला हिवाळी अधिवेशन सुरू झाले तेव्हा सवलतीचा बहुतांश काळ लोटला होता.

समारोप :

बियाणे व कापूस यांच्या या तुलनेतून संसदीय छाननीचे यश किंवा अपयश खासदारांच्या आस्थेपेक्षा कार्यपद्धतीवर अधिक अवलंबून असल्याचे स्पष्ट होते. बियाण्यांसाठी कायदा लागत होता. म्हणून विधेयक समितीकडे गेले, साक्षी झाल्या, मजकूर बदलला आणि शेतकऱ्याचा हक्क कायद्यात नोंदला गेला. कापसासाठी अधिसूचना पुरेशी होती. म्हणून चर्चा झाली तरी ती निर्णयानंतर झाली. एकाच शेतकऱ्याच्या घरात बियाण्याचा हक्क संसदेने राखला आणि त्याच घरातील कापसाचा भाव मात्र तिच्या नजरेआड ठरत गेला.

न्यायमूर्ती एम. एन. वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील राज्यघटना कार्यपद्धती पुनर्विलोकन आयोगाने करार करण्याच्या अधिकाराचे कायद्याने नियमन करण्याचा विचार २००२ च्या अहवालात मांडला होता. तसा कायदा झालेला नाही. २४ जुलै २०२५ रोजी भारत व ब्रिटन यांच्यात व्यापारकरार झाला. ब्रिटनमध्ये २०१० च्या कायद्यानुसार असा करार मंजुरीपूर्वी २१ कामकाजी दिवस संसदेपुढे ठेवावा लागतो. भारतात तशी अट नाही. वाटाघाटींत गोपनीयता आवश्यक असते आणि बाजारातील बदलांना शासनाने तत्परतेने प्रतिसाद द्यावा लागतो, हे मान्यच केले पाहिजे. परंतु पेरणीपूर्वी जाहीर झालेल्या हमीभावावर विसंबून शेतकरी कापूस लावतो. वेचणीच्या तोंडावर शुल्क बदलल्यास त्याला पीक बदलता येत नाही. म्हणून प्रमुख शेतमालावरील शुल्कसवलतीचा किंवा निर्यातबंदीचा प्रस्ताव अंमलापूर्वी, निदान मुदतवाढीपूर्वी, संबंधित स्थायी समितीपुढे जाईल अशी व्यवस्था होणे आवश्यक आहे. संसद अधिवेशनात नसली तरी तिच्या समित्यांना बैठका घेता येतात. २००१ च्या बियाणे कायद्याने दाखविलेला मार्ग कापसासाठीही खुला होऊ शकतो.