ऐवजी आणि शिवाय

मागच्या वर्षी कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये माझं एचबीए१सी ६.० आलं. वय २८, वजन ८४ किलो. डॉक्टर म्हणाल्या, "अजून डायबेटिस नाही, पण रस्ता तोच आहे." तो रस्ता मी घरी पाहिलाय. बाबांना चाळिशीत गोळ्या सुरू झाल्या आणि मी इंजिनिअरिंगला असताना इन्शुलिन.

त्याच रात्री मी स्नॅक बार मागवले. ओट्स, बदाम, खजूर, हिरवं पाकीट. सकाळी ११ला एक, संध्याकाळी ५ला एक. चार महिन्यांनी वजन भरलं ८६.

कोडमध्ये बग सापडत नसला की आपण जुना इतिहास उघडून बघतो, ही ओळ मुळात कुणी आणि कशासाठी लिहिली होती? बारचंही तेच केलं.

सुरुवात पार अंतराळात सापडली. १९६२ साली स्कॉट कार्पेंटर पृथ्वीभोवती फिरून आला, तेव्हा त्याच्याबरोबर पिल्सबरी कंपनीने बनवलेले खाण्याचे छोटे चौकोनी तुकडे होते. ते चुरले आणि चुरा यानात तरंगू लागला. यंत्रात कण जाणं म्हणजे धोका. म्हणून चुरा न होणारं, कमी जागेत जास्त ऊर्जा देणारं अन्न हवं होतं. त्याच कंपनीने १९६९च्या सुमारास 'स्पेस फूड स्टिक्स' दुकानात आणल्या. चंद्रावर माणूस उतरला होता, मुलांना अंतराळवीरांचा खाऊ हवाच होता.

पुढचा टप्पा धावपटूंचा. कॅनडाचा ब्रायन मॅक्सवेल १९८३च्या लंडन मॅरेथॉनमध्ये एकविसाव्या मैलाच्या आसपास गळपटला. शरीरातला साठा संपला होता. त्याने पोषणशास्त्र शिकणाऱ्या जेनिफर बिडल्फबरोबर पोटाला जड न होणारा बार तयार केला आणि १९८६ साली पॉवरबार बाजारात आला. १९९०मध्ये गॅरी एरिक्सन १७५ मैलांच्या सायकल सफरीवर निघाला. बरोबर नेलेल्या सहा बारपैकी शेवटचा काही त्याच्या घशाखाली उतरेना. मग त्याने आईच्या स्वयंपाकघरात स्वतःचा बार बनवला आणि त्याला वडिलांचं नाव दिलं: क्लिफ. त्यात साधारण २५० कॅलरी असतात. १७५ मैल सायकल मारणाऱ्याला त्या कमीच पडतील.

म्हणजे या वस्तूची मूळ रिक्वायरमेंट एकच होती: थोडक्या जागेत भरपूर कॅलरी, पटकन. तो माल मी हिंजवडीत खुर्चीवर बसून, स्टँडअप मीटिंगमध्ये म्यूटवर खात होतो.

मग वजन कमी करण्याशी बारचा संबंध आला कुठून? तोही जुनाच आहे. पिल्सबरीनेच १९७०च्या दशकात 'फिगुरिन्स' नावाचे डाएट बार विकले. पण ते जेवणाऐवजी खायचे होते. जेवणाऐवजी २५०-३०० कॅलरी घेतल्या तर दिवसाचा हिशेब खाली येतो. जेवणाशिवाय वर तेवढ्याच घेतल्या तर तो वर जातो. आपल्यापर्यंत पोहोचेपर्यंत पाकीट तसंच राहिलं, 'ऐवजी'चं कधी 'शिवाय' झालं ते कळलंच नाही.

माझा हिशेब लाजिरवाणा निघाला. बारच्या आधी मी चहाबरोबर दोन मारी बिस्किटं खायचो, साधारण ५० कॅलरी. ती सोडून २२० कॅलरींचा बार घेतला, तोही दिवसातून दोनदा. वर पुण्य पदरात पडल्यासारखं वाटायचं, म्हणून रात्री भात जरा जास्तच.

आणि पाकिटावरच्या 'हेल्दी' शब्दाचं काय? अमेरिकेच्या एफडीएने २०१५ साली काइंड कंपनीला पत्र पाठवलं: तुमच्या काही बारमध्ये सॅच्युरेटेड फॅट मर्यादेपेक्षा जास्त आहे, 'हेल्दी' म्हणू नका. ते फॅट मुख्यतः सुक्यामेव्यातलं होतं. कंपनीने वाद घातला. २०१६मध्ये एफडीएने तो शब्द वापरायला मुभा दिली आणि २०२४च्या डिसेंबरात व्याख्याच बदलली. बदाम तेच, फक्त नियम बदलला. त्यामुळे आता मी पाकिटाची पुढची बाजू सोडून मागची वाचतो. आपल्याकडे घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. माझ्या बारमध्ये खजूर पहिला होता. शिवाय मध आणि ग्लुकोज सिरप अशी वेगवेगळी नावं होती. वेगळी लिहिली की प्रत्येक खाली सरकतं, पण बेरीज केली तर साखर वरच येते.

हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग आपली चिक्की काय वाईट होती?" वाईट नव्हती, पण तीही सुटत नाही. शेंगदाणा-गुळाच्या १०० ग्रॅम चिक्कीत ५००च्या आसपास कॅलरी असतात. ती लोणावळ्याची आहे म्हणून हलकी होत नाही.

आता ११ वाजता मूठभर फुटाणे किंवा नुसता चहा. बार घरात आहेत, फेकले नाहीत. मागच्या महिन्यात राजगड-तोरणा केला. बुधल्याच्या अलीकडे पाय थरथरायला लागले, तेव्हा एक बार काढला. पंधरा मिनिटांत पुन्हा चालता झालो. कुठल्या तरी जुन्या धावपटूचे आभार मानावेसे वाटले.

वजन ८१ आहे. पुढची रक्ततपासणी जूनमध्ये. बाबांनी विचारलंय, रिपोर्ट आला की आधी त्यांना पाठवायचा.