माप कोणाचं?

माझे अब्बा शिंपी होते. गिऱ्हाइकानं कितीही घाई केली तरी माप घेतल्याशिवाय कात्रीला हात लावायचे नाहीत. एकाच्या मापाचं दुसऱ्याला बसत नाही, म्हणायचे. एका शस्त्रक्रियेचा इतिहास वाचताना मला त्यांचं दुकान आठवलं.

पोटातून जाणारी महाधमनी कधी कधी फुग्यासारखी फुगते. बहुधा दुखत नाही, खुपत नाही. फुटली की मात्र माणूस हाती लागणं कठीण. १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये डॉ. रुडॉल्फ निसेन यांनी आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या अशाच धमनीला सेलोफेन गुंडाळून आधार दिला. एप्रिल १९५५ मध्ये ती फुटली. पुन्हा शस्त्रक्रिया नको, असं आइन्स्टाइन यांनी सांगितलं आणि ते गेले.

दरम्यान १९५१ मध्ये पॅरिसला शार्ल द्युबो यांनी फुगलेला भाग काढून तिथं मृत व्यक्तीच्या धमनीचा तुकडा जोडला होता. पुढं ह्यूस्टनच्या मायकेल डिबेकी यांनी बाजारातून डेक्रॉनचं कापड आणलं आणि बायकोच्या शिलाई मशीनवर नळ्या शिवल्या! १९९० मध्ये ब्यूनस आयर्सच्या हुआन परोदी यांनी पोट न उघडता, जांघेतल्या रक्तवाहिनीतून कापडी नळी आत सरकवली.

पण मापं घेतली कोणाची? हा आजार पुरुषांत कितीतरी जास्त, म्हणून अभ्यासही मुख्यतः पुरुषांवरच झाले. २००२ मध्ये ब्रिटनमधली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात ६७ हजारांहून अधिक लोक होते, सगळे पुरुष. धमनी साडेपाच सेंटिमीटर फुगली की शस्त्रक्रिया, हा दंडक रूढ झाला. बाईची धमनी मुळातच बारीक. तेवढ्याच फुगीला तिची धमनी फुटण्याचा धोका सुमारे तिप्पट, हे १९९९ मध्येच दिसलं होतं. पुढं बायकांसाठी पाच सेंटिमीटरची मर्यादा सुचवली गेली.

२०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र मांडले गेले. शस्त्रक्रिया नाकारली गेलेल्या बायका शंभरात ३४, पुरुष १९. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर महिनाभरात दगावलेल्या बायका शंभरात पाचाहून अधिक, पुरुष तिनाहूनही कमी. एरवी बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात; या शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षांत मात्र ती आघाडी बऱ्याच अभ्यासांत दिसत नाही. आजार उशिरा, वाढत्या वयात कळतो आणि अरुंद, वाकड्या रक्तवाहिन्यांत तयार नळी नीट बसत नाही, ही त्याची काही कारणं.

यात कुणी मुद्दाम अन्याय केला, असं मी म्हणत नाही. माप घ्यायचं राहून गेलं, एवढंच. पण घरात वडिलांना किंवा भावाला हा आजार असेल, तर बहिणीनंही डॉक्टरांना विचारावं. पोटाच्या साध्या सोनोग्राफीत ही फुगी दिसते. आईला, आपाला एवढं जरूर सांगा.

अब्बांच्या गळ्यातली मापाची पट्टी अजून घरात आहे. ती माणूस पाहून वापरायची असते.